काउंटरच्या आतल्या बाजूने: महाबळेश्वरच्या रिसॉर्टमधली फ्रंट डेस्कची नोकरी

हॉटेलात नोकरी करते म्हटलं की आमच्या भागात अजून पहिला प्रश्न येतो, म्हणजे नक्की काय करतेस? मी मेढ्याकडची, जावळी तालुक्यातली. आमच्याकडची बरीच पोरं कधी ना कधी महाबळेश्वर-पाचगणीच्या हॉटेलांत कामाला जाऊन आलेली असतात, कुणी किचनला, कुणी हाउसकीपिंगला, कुणी गाडीवर. फ्रंट डेस्कला मात्र आमच्या गावातली मुलगी म्हणून मीच पहिली. हॉटेल मॅनेजमेंट वगैरे काही केलेलं नव्हतं, बीकॉम झालं होतं, साताऱ्यात एका दुकानात टॅलीवर बिलं करत होते, तिथं ओळखीच्या एका दादाने सांगितलं की एका रिसॉर्टला रिसेप्शनला मुलगी पाहिजे, राहणं-जेवण त्यांचं, जाऊन तर बघ. आता या लाइनमध्ये बरीच वर्षं झाली, नवीन मुलं-मुली सारखी विचारतात की काम कसं असतं, म्हणून एकदा सविस्तर लिहितेय.

इंटरव्ह्यूला फ्रंट ऑफिस मॅनेजर होते, त्यांना आम्ही सगळे नुसतं सर म्हणायचो. त्यांनी सर्टिफिकेटं फारशी बघितलीच नाहीत. एकच विचारलं, समज दुपारचे दोन वाजलेत, गेस्ट बॅगा घेऊन समोर उभा आहे आणि रूम अजून साफ व्हायचीये, काय सांगशील? मी म्हटलं, हाउसकीपिंगला विचारेन किती वेळ लागेल आणि तेवढा वेळ सांगेन. ते म्हणाले, आणि त्यांनी पाऊण तास सांगितला तर? मी म्हटलं, मग पाऊण तास. म्हणाले, सोमवारपासून ये, आणि एक आत्ताच सांगतो, "पाच मिनिटांत होईल" असं इथं कुणाला म्हणायचं नाही.

पुढे कळलं की सगळी नोकरी याच्यावरच चालते. फ्रंट डेस्कवाल्याच्या हातात तसं बघितलं तर काहीच नसतं, खोली हाउसकीपिंगच्या ताब्यात, गरम पाणी मेंटेनन्सच्या, जेवण किचनच्या, रेट ऑफिसचा, आणि उत्तर मात्र सगळ्याचं आपण द्यायचं. आपल्याकडे फक्त शब्द. तो खरा निघतो हे एकदा गेस्टला दिसलं की तो तासभर सुद्धा लॉबीत शांत बसतो, आणि एकदा खोटा निघाला की मग दोन दिवस तुम्ही काही सांगा, त्याला पटत नाही.

पहिल्या आठवड्यात मला काउंटरवर उभंच केलं नाही. सरांनी मास्टर की दिली, बरोबर एक बेल बॉय दिला आणि सांगितलं सगळ्या खोल्या बघून ये, नुसत्या बघू नको, आत जाऊन बस. रिसॉर्ट डोंगरउतारावर, त्यामुळे कॉटेजेस खाली खाली पायऱ्यांनी उतरत गेलेल्या. कुठल्या खोलीला खरंच दरी दिसते आणि कुठल्या खोलीला झाडं वाढल्यामुळे नुसतंच "व्हॅली व्ह्यू" म्हणतात, जनरेटरचा आवाज कुठपर्यंत येतो, कुठल्या बाथरूमला उंच उंबरा आहे, कुठल्या बाल्कनीवर माकडं उतरतात, मोबाइलची रेंज कुठे जाते, हे सगळं मी वहीत लिहून काढलं. ती वही मी अजून ठेवलीय. कारण खोली देणं, म्हणजे रूम अलॉटमेंट, हे या कामातलं सगळ्यात महत्त्वाचं आहे असं माझं ठाम मत आहे आणि बाहेरच्या कुणाला ते दिसतच नाही. सकाळी अरायव्हल लिस्टचा प्रिंट काढायचा, पेन्सिल घ्यायची आणि एकेका नावापुढे खोली टाकत जायचं. बुकिंगवर लिहिलेलं असतं तीन मोठी माणसं, एक मूल. आधी फोन करून विचारलं की बरोबर कोण कोण आहे, तर कळतं की सत्तरीच्या आजी आहेत आणि गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. त्यांना खालच्या कॉटेजला टाकलं असतं, दरी कितीही सुंदर असती तरी पासष्ट पायऱ्या चढून त्या नाश्त्याला कशा येणार? त्यांना वरची, रस्त्यालगतची खोली द्यायची आणि फोनवरच सांगायचं की हिला दरी दिसत नाही पण पायरी एकपण नाही, चालेल का? आजवर कुणी नाही म्हटलेलं मला आठवत नाही. हेच न सांगता ती खोली दिली असती तर तेच लोक आल्या आल्या भांडले असते की आम्ही व्ह्यूचे पैसे भरलेत.

आता चेक-इनच्या वेळेचं, कारण निम्मी भांडणं तिथं होतात आणि लोकांना त्यामागचा हिशोब माहीत नसतो. आमच्याकडे चेक-आउट ११ वाजता, चेक-इन २ वाजता. साठ खोल्या. सीझनच्या शनिवारी त्यातल्या पंचेचाळीस रिकाम्या होऊन त्याच दिवशी परत भरणार. गेलेल्या गेस्टची खोली नीट करायची म्हणजे चादरी, टॉवेल, बाथरूम, केर-फरशी, चहाचा ट्रे, कचरा, असं धरून चाळीस मिनिटं जातात, आणि हाउसकीपिंगची माणसं दहा. गुणाकार करून बघा, बरोबर तीन तास येतात, तेसुद्धा सगळ्यांनी ११ ला खोली सोडली तर! आणि सगळे काही ११ ला सोडत नाहीत, कुणाचं मूल झोपलेलं असतं, कुणी आदल्या रात्री उशिरा आलेला असतो, कुणी म्हणतो एकच तास द्या ना मॅडम. एकाला दिलेला तो एक तास दुपारी दुसऱ्या कुणाच्या तरी खिशातून जातो, तो लॉबीत बॅगांवर बसून राहतो.

दुसऱ्या बाजूने येणाऱ्यांचं बघा. पुण्याहून साधारण १२० किलोमीटर, लोक पसरणी घाटातली गर्दी टाळायला पहाटे पाच-साडेपाचला निघतात आणि नऊला आमच्या दारात. लहान पोरं गाडीत ओकलेली, मोठी माणसं कंटाळलेली. त्यांचंही काही चुकलेलं नसतं. अशा वेळी सर सांगायचे की आधी पाणी, मग बाथरूम कुठंय ते, मग खरी वेळ. बॅगांना टॅग लावून लगेज रूमला, नाश्ता पैसे भरून घेता येतो, हात-पाय धुवून वेण्णा लेकला जाऊन या, या वेळेला तिथं बोटिंगला रांग नसते, दुपारनंतर उभं राहवत नाही इतकी होते, आणि तुमची खोली दीड ते दोनच्या मध्ये होईल, झाली की मी फोन करते. आणि मग फोन करायचा. विसरायचा नाही. मी हातावर पेनाने खोली नंबर लिहून ठेवायचे.

यात हाउसकीपिंगशी आपलं कसं आहे यावर फार अवलंबून असतं. नवीन असताना मी दर दहा मिनिटांनी इंटरकॉम करायचे, मावशी ११८ झाली का, मावशी ११८ झाली का. आमच्या त्या मावशी, प्रतापगडाकडच्या, एक दिवस वर आल्या आणि म्हणाल्या, "बाय, फोन उचलाय मला हातमोजं काढाया लागत्यात, पुन्हा घालाया लागत्यात. तू मला नंबर सांग आदी कंच्या पायजेत, मी त्या वळीनं करती." त्या दिवसापासून सकाळी ११ वाजता मी त्यांना चिठ्ठी द्यायला लागले, आधी लहान बाळवाले, मग म्हातारी माणसं, मग बाकीचे, आणि खोली झाली की त्या स्वतः मिस्ड कॉल द्यायच्या. कुठल्याही सॉफ्टवेअरपेक्षा ती चिठ्ठी जास्त चालली. सिस्टीमवर खोली "डर्टी"ची "क्लीन" व्हायला सुपरवायझरने बघून टिक करावं लागतं आणि सुपरवायझर दुसऱ्या टोकाला असतो.

कागदपत्रांचा भाग कंटाळवाणा पण त्यात चालढकल चालत नाही. सगळ्या मोठ्या माणसांचं ओळखपत्र घ्यायचं, फक्त बुकिंग करणाऱ्याचं नाही. आधार, लायसन्स, पासपोर्ट, मतदान कार्ड चालतं, पॅन कार्ड चालत नाही कारण त्यावर पत्ता नसतो, आणि हे दिवसातून कितीतरी वेळा समजावून सांगावं लागतं. परदेशी नागरिक असेल तर फॉर्म सी, तो २४ तासांच्या आत ऑनलाइन भरावा लागतो, पासपोर्ट, व्हिसा, भारतात कधी उतरले, इथून पुढे कुठे जाणार, सगळं. यात गंमत अशी की गोरा माणूस आला तर तो न सांगता पासपोर्ट काढून ठेवतो, आणि आपलं मराठी कुटुंब अमेरिकेहून सुट्टीला आलेलं असेल तर ते म्हणतात, अहो आम्ही कोथरूडचेच. असाल हो, पण पासपोर्ट तिकडचा आहे ना, मग फॉर्म भरावाच लागणार. एक काका त्यावरून खूप दुखावले होते, मला म्हणाले आम्ही परके झालो का आता? मी त्यांना म्हटलं काका, हा फक्त पोलिसांचा फॉर्म आहे, चहा तुम्हाला घरचाच मिळेल. मग हसले.

आणि जोडप्यांचं. लग्न न झालेली दोन सज्ञान माणसं एका खोलीत राहिली तर कायद्याने त्यात काही गुन्हा नाही. हॉटेलांचे आपापले नियम असतात ते वेगळं. आमच्याकडे दोघांचं ओळखपत्र बघून खोली द्यायचे आणि सरांची सक्त ताकीद होती की नजर सुद्धा वेगळी पडता कामा नये. मी खेड्यातून आलेली, सुरुवातीला मलाच अवघड वाटायचं, पण काउंटरला समोर उभी असलेली मुलगी किती घाबरलेली असते ते एकदा जवळून बघितलं की आपोआप मऊ बोललं जातं. सगळ्यात जास्त ताकद कशात असेल तर ती या पहिल्या दोन मिनिटांत आपण कसं बघतो त्यात.

बिलावरची वादावादी बहुतेक जीएसटीवरून. ७,५०० रुपये ही रेघ आहे. एका रात्रीचं खोलीचं भाडं ७,५०० पर्यंत असेल तर तेव्हा १२ टक्के लागायचा, २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ५ टक्के झाला, आणि त्याच्या वर गेलं की १८ टक्के, तो तसाच आहे. म्हणजे मधल्या वारी ७,००० ला असलेली खोली शनिवारी ८,००० ला गेली की नुसतं भाडं वाढत नाही, टॅक्सचा टप्पाच बदलतो. दोन मित्र एकाच रिसॉर्टला वेगळ्या वारी येऊन जातात आणि मग बिलं शेजारी ठेवून फोन करतात की तुम्ही मला जास्त लावलाय. मी काउंटरवर एक छोटा तक्ता करून ठेवला होता, बोट ठेवून दाखवायचा. आणि मील प्लॅन. सीपी म्हणजे खोली आणि नाश्ता, एमएपी म्हणजे त्यात एक जेवण पण, एपी म्हणजे सगळी जेवणं, ईपी म्हणजे नुसती खोली. ही अक्षरं व्हाउचरवर असतात आणि लोकांना कुणी सांगितलेलंच नसतं, म्हणून चेक-इनलाच "तुमच्या पॅकेजमध्ये सकाळचा नाश्ता आणि रात्रीचं जेवण आहे, दुपारचं नाही" हे सरळ मराठीत किंवा हिंदीत सांगायचं. दिवाळीत गुजरातकडची गर्दी असते, तेव्हा जैन जेवणाची यादी दुपारी चारच्या आत किचनला गेलीच पाहिजे, कारण कांदा-लसूण-बटाट्याशिवायचा वेगळा स्वयंपाक ऐनवेळी होत नाही. आठला येऊन सांगितलेल्या गेस्टला काय सांगायचं? खरं ते. जैन डाळ-भात-फुलके अर्ध्या तासात, बाकी भाज्या उद्या.

गरम पाण्याबद्दल तर मी दिवसभर बोलू शकते. आमच्याकडे बॉयलरचं पाणी सकाळी ६ ते १०. विल्सन पॉइंटला सूर्योदय बघायला जाणारे पाचला उठतात आणि नळ सोडून बसतात. थंडीत वेण्णा लेकच्या काठाला दव गोठतं इतका गारठा, त्यात पहाटे गार पाणी आलं की माणूस चिडणारच. मी काय करायला लागले, रात्री जेवायला येणाऱ्या प्रत्येकाला विचारायचं, उद्या सनराइजला जाणार का, आणि जाणाऱ्यांच्या खोल्या नाइटच्या मुलाला लिहून द्यायच्या, तो पहाटे बादली पोचवायचा. दुसरं एसीचं. मे महिन्यात मुंबईचे लोक विचारतात की एसी का नाही, आणि आमच्या निम्म्या खोल्यांना नव्हता, कारण साडेचार हजार फुटांवर पूर्वी कुणाला लागायचाच नाही. दुपारी खरंच उकडतं आता, ते नाकारण्यात अर्थ नाही. मी सांगायचे, दुपारी दोन ते पाच उकडेल, पंखा आहे, रात्री पांघरूण लागेल. आणि मे महिन्यात स्ट्रॉबेरी मागणारे. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, सगळ्यांना ती माहीत झाली, पण तिचा सीझन हिवाळ्यापासून एप्रिलपर्यंत, मेमध्ये तुती आणि जांभळं खा की, तीही इथलीच गोड असतात.

आता तो एक प्रसंग सांगते. लाँग वीकेंड, आमचं हाउस फुल, रात्री नऊ-सव्वानऊ झालेले, मी इव्हिनिंगला. सुरतहून एक कुटुंब आलं, नवरा-बायको, दोन मुलं आणि आजी. फोनमध्ये व्हाउचर दाखवलं, आमचं नाव, आमचा लोगो, आमचेच फोटो, दोन खोल्या, दोन रात्री, पूर्ण पैसे भरलेले. मी लिस्टमध्ये नाव शोधलं, नाही. सिस्टीममध्ये फोन नंबरने शोधलं, नाही. मग व्हाउचर नीट बघितलं तर त्यावरचा मोबाइल नंबर आमचा नव्हता. पैसे यूपीआयने कुठल्यातरी बाईच्या नावावर गेले होते. नेटवर शोधताना आमच्या नावाने टाकलेला खोटा नंबर त्यांना मिळालेला, त्या माणसाने गोड बोलून पाच टक्के डिस्काउंट देतो म्हणून सगळे पैसे आधीच घेतलेले. हे हल्ली सगळीकडे चाललंय, आम्हाला तोपर्यंत ऐकून माहीत होतं, समोर पहिल्यांदाच आलं.

ते गृहस्थ आधी समजून घ्यायलाच तयार नव्हते, साहजिक आहे. ओरडायला लागले, "फोटो आपका, नाम आपका, और आप बोलते हो बुकिंग नहीं?" लॉबीतले बाकीचे गेस्ट बघायला लागले. मी त्यांना आमची अरायव्हल लिस्ट काउंटरवर फिरवून दाखवली, मग माझ्या मोबाइलवरून रिसॉर्टची लँडलाइन लावली, त्यांच्यासमोर काउंटरवरचा फोन वाजला. मग त्यांना म्हटलं, आता तुमच्या व्हाउचरवरचा नंबर लावा. स्विच ऑफ. तेव्हा ते गप्पच झाले आणि खुर्चीत बसले. त्यांची बायको रडायला लागली. आणि आजी, त्यांना काही कळलंच नव्हतं नीट, त्या मला गुजरातीत विचारत होत्या की बेटा, खोली कुठल्या बाजूला आहे, मला जरा पडायचंय. मला त्या क्षणी फार तुटलं.

खोली माझ्याकडे नव्हती, खोटी आशा द्यायची नव्हती. मी सांगितलं, माझ्याकडे आज एकही खोली नाही, पण तुम्हाला रस्त्यावर जाऊ देणार नाही, मला अर्धा तास द्या. आजींना आमच्या लेडीज स्टाफ रूममध्ये झोपवलं, मुलांना किचनमधून खिचडी मागवली. आधी १९३० ला फोन लावून दिला, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन आहे, जितक्या लवकर तक्रार जाईल तितकी समोरच्या खात्यातले पैसे अडवण्याची शक्यता जास्त, म्हणून खोली शोधण्याआधी हे. ते बोलत होते तोवर मी आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं. महाबळेश्वर-पाचगणीच्या फ्रंट ऑफिसवाल्यांचा एक ग्रुप आहे, एरवी एकमेकांचे स्पर्धक, पण अशा वेळी सगळे धावून येतात. "अर्जंट, २ रूम, फॅमिली, फ्रॉड केस, आजी बरोबर." पंधरा-वीस मिनिटांत पाचगणीच्या एका छोट्या बंगल्यावाल्याचा फोन आला की एक मोठी खोली आहे, गाद्या टाकून देतो, जास्त पैसे घेणार नाही. सरांना फोन करून विचारलं, त्यांनी गाडी द्यायला सांगितलं, कारण त्या गृहस्थांची ड्रायव्हिंग करायची मनःस्थिती नव्हती, आमचा ड्रायव्हर त्यांची गाडी चालवत गेला आणि मागून दुसरा त्याला आणायला. दुसऱ्या दिवशी आमच्याकडे एक कॅन्सलेशन आलं ते सरांनी बाहेर न विकता त्यांना दिलं, आमच्या नेहमीच्या रेटपेक्षा कमीने. त्यांचे गेलेले पैसे पुढे मिळाले का ते काही कळलं नाही.

त्यानंतर आम्ही प्रत्येक फोनवर सांगायला लागलो की पैसे भरायच्या आधी लँडलाइनवर फोन करून खात्री करा, आणि रिसॉर्टच्या नावाच्याच खात्यात भरा, कुणा व्यक्तीच्या नाही.

ओव्हरबुकिंग मात्र आमच्याच बाजूने होणारी गोष्ट आहे आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही, एकच शेवटची खोली दोन वेगवेगळ्या ॲपवर एकाच वेळी विकली जाते, सिस्टीम अपडेट व्हायच्या आत. मग कुणाला तरी दुसरीकडे हलवावं लागतं, त्याला आम्ही शिफ्टिंग म्हणतो. बऱ्याच ठिकाणी जो शेवटी पोचेल त्याला हलवतात, म्हणजे जो सगळ्यात लांबून, दमून आलेला असतो तोच. सरांचा नियम वेगळा होता. सकाळीच ठरवायचं, म्हातारी माणसं आणि लहान मुलं सोडून, आणि गेस्ट सुरूर फाट्याला हायवे सोडायच्या आत फोन गेला पाहिजे, म्हणजे त्याला पटलं नाही तर तो घाट चढण्याआधी दुसरा विचार करू शकतो. समोरचं हॉटेल आपल्यापेक्षा वरचं द्यायचं, फरक आपण भरायचा. तो फोन करताना पोटात गोळा येतो, पण वर आल्यावर सांगण्यापेक्षा शंभर पटीने बरा.

शिफ्ट संपताना लॉगबुक. मला हे फार आवडतं, अजूनही. कॉम्प्युटर असला तरी ही वही हातानेच लिहिली जायची. माझ्या लक्षात राहिलेलं एक पान असं होतं: "२०४ गीझर ट्रिप, इलेक्ट्रिशियनला ८.४० ला सांगितलं, ९.०५ ला झालं, गेस्टला विचारलं, ओके. ११२ लहान बाळ, दूध पहाटे ६ ला गरम करून, चार्ज लावू नये, सरांनी सांगितलं. ३०१ नवरा-बायको भांडलेत, मॅडमनी वेगळी खोली विचारली, नाही, उद्या सकाळी परत विचारावं. १०७ च्या बाल्कनीचं दार नीट लागत नाही, माकडं. गवा पार्किंगजवळ दिसला ९.३० ला, गेस्टना फोन केले." नाइटला आमच्याकडे मुलं असायची, पण मी डे क्लोज शिकून घेतलं, म्हणजे दिवसभराचे रेस्टॉरंटचे पैसे खोलीच्या बिलात चढलेत का, टॅक्स बरोबर लागलाय का, कॅश जुळते का, न आलेले कोण, आणि मग सिस्टीमची तारीख पुढे ढकलायची. बीकॉमचा उपयोग तिथं झाला. हे आलं की तुमचा पगार वाढतो, हे नवीन मुलींनी ध्यानात ठेवा, कारण मुलींना ते कुणी आपणहून शिकवत नाही.

पावसाळा म्हणजे वेगळंच गाव. वर्षाला पाच-साडेपाच हजार मिलिमीटर पाऊस, त्यातला बराचसा जुलै-ऑगस्टात. इमारतींना पावसाच्या बाजूने गवताच्या नाहीतर प्लॅस्टिकच्या झडी बांधतात, धुकं दरवाजातून लॉबीत येतं, रजिस्टरची पानं ओलसर होऊन पेन उमटत नाही. निम्मा स्टाफ गावाला. त्या दिवसांत फोन एकाच गोष्टीसाठी येतात, रस्ता चालू आहे का? २०२१ च्या जुलैत आंबेनळी घाटात दरडी कोसळून पोलादपूरकडचा रस्ता तुटला होता, तेव्हापासून लोक धसकलेले. मी लागले त्यानंतरच्या एका पावसाळ्यात कोकणातून येणाऱ्या एका गेस्टने विचारलं की निघू का, खोल्या रिकाम्या होत्या, बुकिंग हवं होतं, पण वरून दिसत होतं की पाऊस थांबत नाहीये. मी म्हटलं आज नका निघू, तारीख मी बदलून देते, पैसे कापणार नाही. सांगून टाकलं आणि मग सरांना विचारलं. ते म्हणाले, बरोबर केलंस, लिहून ठेव लॉगबुकात.

आता जे यायचं म्हणतायत त्यांच्यासाठी. मी लागले तेव्हा पगार चौदा हजार, राहणं-जेवण वेगळं. सीझनमध्ये, म्हणजे दिवाळी, नाताळ, एप्रिल-मे, सुट्टी मिळत नाही, घरचं लग्न असलं तरी, हे आधी घरी सांगून ठेवा. बारा-बारा तास उभं राहून पाय सुजतात, चांगले बूट घ्या, काउंटरमागे स्टूल मागा, लाजू नका. स्प्लिट शिफ्ट असेल, सकाळी ७ ते ११ आणि परत संध्याकाळी ६ ते १०, तर मधला वेळ तुमचा आहे की तेव्हाही बोलावतात ते विचारा. लेडीज क्वार्टरला आतून कडी आहे का आणि रात्री शिफ्ट संपल्यावर तिथपर्यंत सोडायला कोण येतं ते स्वतः जाऊन बघा, फोनवर विचारू नका. पीएफ कापतात का, पावसाळ्यात घरी पाठवलं तर पगार पूर्ण का अर्धा, ऑफर लेटरवर लिहून घ्या. आणि टिप बॉक्स कसा वाटतात ते विचारा, नुसत्या फ्रंटला वाटतात का त्यात हाउसकीपिंगच्या मावश्यांचाही वाटा असतो.